तीन कुलुपांची पेटी

‘सक्षमीकरण’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याची फोड करून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. संस्कृत व्याकरणातला च्वि प्रत्यय या शब्दात दडलेला आहे. त्याचा अर्थ ‘अभूततद्भाव’, म्हणजे जे आधी तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे. शुद्धीकरण म्हटले की आधीची अशुद्धता गृहीत धरलेली असते, सुलभीकरण म्हटले की आधीची अवघडता. त्याच न्यायाने गरीब महिलांचे सक्षमीकरण म्हणताना आपण नकळत असे म्हणून जातो की ही बाई आधी सक्षम नव्हती आणि कोणीतरी, बहुधा बाहेरून आलेल्या कोणीतरी, तिला सक्षम केले. गेली नऊ वर्षे मी एका लहान धर्मादाय निधीच्या निवड समितीवर काम करते. आशिया आणि आफ्रिकेतील गरीब देशांत महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे अर्ज आमच्याकडे येतात. ते वाचायचे, शंका विचारायच्या आणि देणगीची शिफारस करायची, असे हे काम आहे. या नऊ वर्षांत त्या शब्दाविषयीची माझी अस्वस्थता वाढतच गेली, आणि ती व्याकरणापाशी थांबत नाही.

अस्वस्थतेची सुरुवात शिलाई यंत्रांपासून झाली. समितीवर आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी आम्ही एका संस्थेला चाळीस शिलाई यंत्रे आणि सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पैसे दिले. अर्ज नेटका होता, ‘लाभार्थी महिलांची संख्या’ हा रकाना काळजीपूर्वक भरलेला होता, आणि पहिल्या अहवालासोबत आलेल्या छायाचित्रात चाळीस जणी ओळीने यंत्रांपुढे बसलेल्या होत्या. दुसऱ्या वर्षीच्या छायाचित्रात खोली तीच होती, पण बहुतेक यंत्रांवर कापड टाकून ठेवलेले होते. अहवालात कारण एकाच वाक्यात आले होते: महिला पाणी आणि सरपण आणून मोकळ्या होईपर्यंत दुपार टळून जाते, आणि अंधार पडल्यावर खोलीत दिवा नसतो. शिवलेले कपडे कोण विकत घेणार, हा प्रश्नही त्या अहवालात पहिल्यांदाच दिसला. संस्थेने आमच्यापासून काही लपवले नव्हते. आम्हीच विचारले नव्हते. त्या चाळीस जणींचा दिवस कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते, आणि त्यांना शिवणकाम शिकायचे आहे असे म्हणणारी एकही ओळ त्यांच्या तोंडून आलेली नव्हती.

आमची चूक लहान होती. याच जातीची मोठी चूकही घडलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या ‘प्लेपंप’ या यंत्राची कल्पना ऐकताक्षणी मोह पडावा अशीच होती: मुले गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळतील आणि त्या फिरण्याने जमिनीतले पाणी वर टाकीत चढेल. 2006 साली अमेरिकेत त्यासाठी मोठा निधी जाहीर झाला आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील अनेक देशांत साधे हातपंप काढून त्या जागी हे पाळणे बसवले गेले. मुले काही दिवसभर खेळत नव्हती. पाणी मात्र दिवसभर लागत होते. शेवटी बायकाच, त्यांत वयस्कर बायकाही, ते जड चक्र हाताने ढकलत राहिल्या, आणि चारचौघांत मुलांचे खेळणे फिरवण्याची त्यांना लाज वाटे, असे पाहणी करणाऱ्यांनी नोंदवले आहे. पाणी भरणे हे तिथे बायकांचे काम होते. पंप बदलण्याआधी त्यांना विचारण्याचे मात्र कोणाच्या डोक्यात आले नाही.

महिलांना मदत करण्याच्या अलीकडच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले पर्व छोट्या कर्जांचे आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. 1976 साली बांगलादेशातील जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी 42 जणांना मिळून अवघे 27 डॉलर भरतील एवढी रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. बांबूची स्टुले विणणारी एक स्त्री कच्च्या मालासाठी व्यापाऱ्याच्या इतकी बांधलेली होती की तयार माल त्याने ठरवलेल्या दराने त्यालाच द्यावा लागे आणि दिवसाच्या शेवटी तिच्या हातात जेमतेम काही पैसे उरत. बँकेच्या लेखी ती कर्जाला पात्र नव्हती, कारण तिच्यापाशी तारण नव्हते. युनूस यांच्या याच कामातून 1983 मध्ये ‘ग्रामीण बँक’ रीतसर स्थापन झाली, 2006 मध्ये युनूस आणि बँक यांना शांततेचे नोबेल मिळाले, आणि या काळात बँकेच्या कर्जदारांत स्त्रियांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही पुढे गेले. गरीब बाई कर्ज फेडते, ही गोष्ट जगाला तिने हप्त्या-हप्त्याने सिद्ध करून दाखवली. हे सिद्ध करण्याची वेळ तिच्यावर यावी याचे मला वाईट वाटते, पण ते काम झाले हे खरे.

तरीही कर्ज तिच्या नावावर निघणे आणि पैसा तिच्या हातात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्याच एका अभ्यासात असे आढळले की स्त्रियांच्या नावे दिलेल्या कर्जांपैकी मोठ्या हिश्श्याच्या विनियोगावर त्यांचा फारसा ताबा नव्हता. पैसा नवऱ्याच्या किंवा घरातल्या दुसऱ्या पुरुषाच्या व्यवहारात जाई आणि फेडीची जबाबदारी मात्र तिच्याकडे राही. कर्ज गटाच्या भरवशावर मिळे; त्या गटातल्या इतर बायका आठवड्याला तिच्या दारात उभ्या, कारण तिचा हप्ता चुकला तर त्यांची पत जाणार. पुढे बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांत छोट्या कर्जांचे परिणाम काटेकोरपणे तपासले गेले आणि 2015 साली ते निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. काहींचे धंदे वाढले, काहींना खर्चाची जुळवाजुळव सोपी गेली, पण आयुष्य पालटून गेले असे सरासरीने कुठेही दिसले नाही.

श्रीलंकेतली एक गोष्ट मला यापेक्षाही बोलकी वाटते. तिथे लहान उद्योग चालवणाऱ्या स्त्री-पुरुषांना कर्ज न देता थेट अनुदान दिले गेले: काहींना 10,000 तर काहींना 20,000 श्रीलंकन रुपये, परत करण्याची अट नाही. पुरुषांचा नफा वाढला, स्त्रियांचा सरासरीने वाढला नाही. यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की बायकांच्या धंद्यात पैसा घालून उपयोग नाही. काही वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी घेऊन एक साधा प्रश्न विचारला: या बाईच्या घरात दुसरा कोणाचा धंदा आहे का? ज्या घरात तिचा एकटीचाच धंदा होता तिथे त्या पैशाने तेवढेच फळ दिले होते जेवढे पुरुषांच्या हातात. ज्या घरात नवऱ्याचाही धंदा होता तिथे तिला मिळालेला पैसा त्याच्या धंद्याकडे वळला होता. म्हणजे उणीव तिच्या हुशारीत नव्हती. पैसा तिच्यापाशी टिकण्याला जागाच नव्हती. पहिल्या निष्कर्षाच्या आधारे दरम्यानच्या काळात किती अर्ज बाजूला ठेवले गेले असतील याचा मी कधी कधी विचार करते. आमच्या समितीतही ‘महिलांच्या उद्योगांना परतावा नाही’ हे वाक्य मी ऐकलेले आहे, आणि त्या वेळी मी गप्प बसले होते.

जागेचा हा मुद्दा पश्चिम केनियातल्या एका प्रयोगात उलट्या बाजूने दिसतो. बाजारात माल विकणाऱ्या स्त्रियांना गावच्या बँकेत बचत खाते उघडून देण्यात आले. खात्यावर व्याज नव्हते, शिवाय पैसे काढताना शुल्क कापले जाई. हिशेबी माणूस अशा खात्याच्या वाटेला जाणार नाही. पण बऱ्याच स्त्रियांनी ते खाते वापरले आणि त्यांची धंद्यातली गुंतवणूक लक्षणीय वाढली. घरात ठेवलेला पैसा हा मागणाऱ्याचा पैसा असतो. दीर मागतो, शेजारीण मागते, मुलाच्या शाळेतून निरोप येतो, आणि नाही म्हणण्याची सोय त्या बाईला नसते. बँकेतला पैसा मागता येत नाही. त्या शुल्काच्या मोबदल्यात तिने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार विकत घेतला होता, असे मी त्याचे वाचन करते.

आता पेटीविषयी. 1991 साली नायजर या देशात मरादी भागात केअर या संस्थेने बायकांचे बचत गट बांधायला सुरुवात केली. त्या गटांना हाउसा भाषेत ‘माता मासु दुबारा’ असे नाव पडले. त्याचा अर्थ साधारण ‘हिकमती बायका’ असा सांगता येईल. संस्थेने या गटांत भांडवल म्हणून एक पैसाही घातला नाही. तिने पद्धत शिकवली, वर्षभर सोबत केली आणि बाजूला झाली. ती पद्धत आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत पसरलेली आहे, आणि मालावीतील एका खेड्यात तिची एक बैठक पाहण्याची संधी मला एकदाच मिळाली.

झाडाखाली चटया अंथरलेल्या होत्या आणि बावीस जणी गोल करून बसल्या होत्या. मला त्या गोलाच्या बाहेर जागा दिली गेली. मधोमध पत्र्याची निळी पेटी होती, एका वहीच्या दीडपट लांबीची, आणि तिला तीन बाजूंना तीन कुलुपे होती. पेटी ज्या बाईच्या घरी राहते तिच्याकडे एकही किल्ली नसते. किल्ल्या तिघींकडे असतात, आणि त्या तिघींपैकी कोणीही पेटीवालीच्या घरातली नसते. तिघी उठल्या, एकीने कमरेच्या कापडाची गाठ सोडून किल्ली काढली, आणि कुलुपे एकेक करून निघाली. पेटी उघडण्याआधी अध्यक्षबाईंनी विचारले की मागच्या बैठकीअखेर किती शिल्लक होती. दोन-तीन जणींनी आकडा एकदमच सांगितला. त्यांतल्या एकीला अक्षर येत नव्हते, असे दुभाषीने मला हळूच सांगितले. मग दोन मोजणाऱ्या बायकांनी पैसे सर्वांदेखत एका वाडग्यात ओतून मोजले आणि आकडा जुळला. नायजरमधले सुरुवातीचे गट तर लेखी हिशेबाशिवाय, केवळ अशा स्मरणावर चालत असत.

त्यानंतर प्रत्येकीचा क्रमांक पुकारला गेला. एका बैठकीत बचतीचे एक ते पाच वाटे घेता येतात, वाट्याची किंमत गटच ठरवतो, आणि प्रत्येक वाट्यामागे पासबुकात एक शिक्का उमटतो. एका तरुण मुलीने त्या दिवशी एकच वाटा घेतला आणि उरलेल्या चार चौकोनांवर लेखनिकबाईंनी शांतपणे काट मारली, म्हणजे नंतर कोणाला तिथे शिक्का मारता येऊ नये. उशिरा आलेल्या बाईने दंड भरला. आजारपण आणि मयत यांसाठीचा वेगळा निधी वेगळ्या कापडी पिशवीत गेला. कर्ज मागणारी एक बाई उठली, तिने बियाण्यासाठी रक्कम मागितली, आणि तिच्या शेजारणीने उघडच विचारले की गेल्या हंगामात एवढे बियाणे लागले नव्हते, मग या वेळी का. बरीच बोलाचाली झाली. शेवटी ती स्वतःच थोड्या कमी रकमेवर आली. व्याज किती घ्यायचे हेही त्यांनीच ठरवलेले, आणि ते व्याज बाहेर कुठे जात नाही, वर्षअखेरीस वाट्यांच्या प्रमाणात त्यांच्यातच वाटले जाते. उघड्या पेटीचे छायाचित्र घेऊ का, असे मी विचारले तेव्हा अध्यक्षबाईंनी मान हलवून नकार दिला. तो नकार मला फार आवडला. त्यात राग नव्हता आणि संकोचही नव्हता.

या बैठकीत कोणी कोणाला सक्षम करत होते असे मला दिसले नाही. आकडे लक्षात ठेवणे, माणसाची पारख, हंगामाचा अंदाज हे सगळे त्या बायकांपाशी आधीपासून होतेच. बाहेरून आली होती ती तीन कुलुपांची युक्ती आणि वर्षभराची सोबत. तेवढ्याने काय साधते याचीही मोजदाद झालेली आहे: घाना, मालावी आणि युगांडा या तीन देशांतल्या अशा गटांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. घरच्या व्यवसायात सुधारणा आणि निर्णयांत स्त्रियांचा वाढलेला वाटा त्यात आढळला, पण घरातला एकूण उपभोग सरासरीने वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे आवाज वाढला, पण ताट तेवढेच राहिले, आणि याकडे डोळेझाक करता येत नाही.

कारण पेटीत टाकायला काही असावे लागते. ज्यांच्यापाशी आठवड्याला एक वाटा घेण्याइतकेही नसते त्या बायका गटात येतच नाहीत, किंवा त्यांना घेतले जात नाही. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या हे लवकर लक्षात आले. फजले हसन आबेद यांनी 1972 साली उभारलेल्या या संस्थेने 2002 मध्ये सर्वांत गरीब बायकांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला: गाय किंवा शेळ्या अशी एखादी उत्पन्न देणारी गोष्ट कर्जाशिवाय द्यायची, ती फळ देऊ लागेपर्यंत खर्चाला थोडी रोख रक्कम द्यायची, जनावराची देखभाल शिकवायची, बचतीची सवय लावायची आणि जवळजवळ दोन वर्षे दर आठवड्याला कोणीतरी तिच्या घरी जायचे. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत याच धर्तीच्या कार्यक्रमांची तपासणी झाली. 2015 च्या त्या निष्कर्षांत मदत संपल्यानंतर वर्षभरानेही उपभोग, मालमत्ता आणि उत्पन्न वाढलेलेच दिसले. धर्मादाय मदतीतून एवढे ठोस फळ मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

पण त्याच निष्कर्षांत एक ओळ अशी आहे की जिच्यापाशी मी बराच वेळ थांबले. घरातल्या निर्णयांतला स्त्रियांचा वाटा सुरुवातीला वाढला होता. वर्षभराने ती वाढ टिकलेली दिसली नाही. बांगलादेशातल्या मूळ कार्यक्रमाचा आणखी एक अभ्यास सांगतो की दिलेली गाय बाईच्याच मालकीची राहिली, परंतु वाढलेल्या उत्पन्नातून पुढे जे घेतले गेले ते बहुतांशी पुरुषांच्या मालकीचे झाले, आणि जनावर दारात असल्यामुळे तिचे काम घराभोवतीच अधिक गुंतले. पेटीने आवाज दिला आणि पोट तसेच राहिले. गाईने पोट भरले आणि आवाज ओसरला. संशोधकांनी ही दोन टोके अशी जोडलेली नाहीत, देश वेगळे, बायका वेगळ्या, मोजमापेही वेगळी. तरी अर्ज वाचताना माझ्या मनात आता ही दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी असतात. भुकेल्या बाईला फक्त बचतीची शिस्त शिकवणे मला क्रूर वाटते, आणि तिला वस्तू देऊन बाकीचे घर ठरवेल असे सोडून देणे अर्धवट.

दोन्ही एकत्र कुठे जमले, असे कोणी विचारले तर मला अहमदाबादच्या सेवा या संघटनेचे नाव आठवते. 1972 साली इला भट्ट यांच्या पुढाकाराने डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, फेरी करणाऱ्या, घरी बसून काम करणाऱ्या बायकांची ही युनियन उभी राहिली, तेव्हा नोंदणीच्याच वेळी अडचण आली: ज्यांना मालकच नाही त्यांची युनियन कशी असेल? त्यांचे उत्तर असे की युनियन मालकाविरुद्ध असलीच पाहिजे असे नाही, ती एकमेकींसाठी असते. 1974 साली चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. कागदांवर सही लागणार होती आणि त्या निरक्षर होत्या, म्हणून त्यांनी रात्र जागून आपापले नाव गिरवले, असे सांगतात. पुढे त्याच संघटनेतून विमा आला, बालसंगोपन आले, घरासाठी कर्ज आले. प्रत्येक गोष्ट कोणातरी सभासद बाईच्या अडचणीतून निघालेली. बाहेरच्या देणग्या सेवेलाही मिळाल्या, पण त्या कुठे लावायच्या हे ठरवणारे मंडळ बायकांचेच होते.

देणाऱ्यांविषयी मला आणखी एकच सांगायचे आहे, कारण मी त्या बाजूला बसते. गेल्या वर्षीपर्यंत आमची मदत साधारण बारा महिन्यांची असे. आठवड्याला घरी जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार आमच्या अंदाजपत्रकात ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून मोजला जातो आणि तो कमी असावा अशी आमची अपेक्षा असते, तर गाय ही ‘थेट मदत’ ठरते. प्रत्यक्षात गाय जगली ती त्या कार्यकर्तीमुळे. बायकांनी स्वतः उभारलेल्या लहान संस्थांना आमचा चौदा पानांचा अर्ज भरता येत नसे, म्हणून पैसा पुन्हा त्यांच्याच हातात जाई ज्यांना अर्ज चांगला भरता येतो. त्या संस्था वाईट नसतात. मात्र त्यांच्या आणि त्या बाईच्या मध्ये आणखी दोन दारे असतात.

गेल्या वर्षी आम्ही मुदत तीन वर्षांची केली आणि अर्ज चार पानांचा. बोलून सांगितलेला अर्जही आता चालतो. तो ध्वनिमुद्रित होऊन येतो आणि आमच्यातले कोणीतरी तो लिहून काढते. एका रकान्यावर मात्र तीन बैठका वाद झाला. ‘लाभार्थी महिलेने रक्कम कशासाठी वापरली’ असा तो रकाना. आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांच्या सचोटीबद्दल मला यत्किंचितही शंका नाही, म्हणत होते की देणगीदारांना हिशेब देणे आपले कर्तव्य आहे. संस्थेकडून हिशेब घ्यावाच, पै-पैचा घ्यावा, असे मीही म्हणत होते; पण वर्षअखेरीस पेटी फुटते, वाटे वाटले जातात आणि बाई आपली रक्कम कापडाच्या गाठीत बांधून उठते, त्यानंतर ती ते पैसे बियाण्याला लावते, मुलीच्या फीसाठी ठेवते की कोणालाही न सांगता जपून ठेवते, हे आपण का विचारावे? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पेन काढले आणि मसुद्यातल्या त्या रकान्यावर काट मारली, त्या लेखनिकबाईंनी रिकाम्या चौकोनांवर मारली होती तशीच.